छापील पान कानापर्यंत: वाचून दाखवणारा चष्मा कसा चालतो आणि कुठे चुकतो

चष्म्याच्या काडीवर बोटाएवढं एक उपकरण बसवलेलं असतं. त्यात कॅमेरा, छोटा संगणक, बॅटरी आणि कानाकडे तोंड असलेला स्पीकर असतो. अंध व्यक्ती समोर कागद धरते, उपकरणाला बोट लावते आणि काही सेकंदांत पानावरचा मजकूर ऐकू यायला लागतो. पत्र, औषधाच्या खोक्यावरची माहिती, दारावरची पाटी, पुस्तकाचं पान, सगळं कुणाला हाक न मारता वाचता येतं. आपल्या नावाने आलेलं पत्र आपणच पहिल्यांदा वाचणं ही किती मोठी गोष्ट आहे, ते रोज दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागणाऱ्यालाच पुरतं कळतं.

त्या काही सेकंदांत पाच कामं एकापाठोपाठ होतात. फोटो काढला जातो. तो सरळ आणि स्वच्छ केला जातो. पानावर मजकूर कुठे आहे आणि कोणत्या क्रमाने वाचायचा हे ठरतं. मग अक्षरं ओळखली जातात आणि शेवटी त्यांचा आवाज होतो. यातलं कुठलंही एक काम बिघडलं तरी आवाज मात्र तसाच शांत आणि ठाम येत राहतो. ऐकणाऱ्याला पान दिसत नाही, त्यामुळे चूक पकडायला त्याच्याकडे त्या आवाजाखेरीज काहीच नसतं.

तरीही चूक पकडता येते, कारण प्रत्येक टप्प्यावरची चूक वेगळ्या तऱ्हेने ऐकू येते. ती ओळखता आली की पुन्हा फोटो काढायचा, पान मागे न्यायचं, दिवा लावायचा की माणसालाच विचारायचं, हे लगेच ठरवता येतं. उपकरणाच्या माहितीपुस्तिकेत बटणांबद्दल भरपूर लिहिलेलं असतं. याबद्दल फारसं नसतं.

ओळखण्याचं काम यंत्राकडे कधी गेलं

छापील अक्षर डोळ्यांशिवाय वाचण्याची धडपड शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१० च्या दशकात एडमंड फुर्निए दाल्ब यांनी ऑप्टोफोन बनवला. प्रकाश पडला की सेलेनियम या मूलद्रव्याची विद्युत वाहकता बदलते. त्याचा उपयोग करून हे यंत्र अक्षराच्या आकाराचे वेगवेगळे सूर करायचं. कोणता सुरांचा गुच्छ म्हणजे कोणतं अक्षर, हे मात्र ऐकणाऱ्याने शिकायचं. मेरी जेमसन या अंध वाचक त्यात तरबेज झाल्या आणि पुढे कित्येक वर्षं ते यंत्र वापरत राहिल्या.

१९७१ मध्ये बाजारात आलेल्या ऑप्टाकॉनने सुरांऐवजी स्पर्श वापरला. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन लिनव्हिल यांनी आपल्या अंध मुलीसाठी या कल्पनेवर काम सुरू केलं होतं. एका हाताने छोटा कॅमेरा ओळीवरून सरकवायचा आणि दुसऱ्या हाताचं बोट १४४ बारीक टाचण्यांच्या जाळीवर ठेवायचं. अक्षराचा आकार त्या टाचण्यांच्या थरथरीतून बोटाखाली उमटायचा. वेग कमी होता, सराव फार लागायचा. पण एक गोष्ट त्यात होती जी आजच्या चष्म्यात नाही: अक्षर अस्पष्ट असेल तर बोटाला ते अस्पष्टच लागायचं. निवाडा वाचणाऱ्याचा असायचा.

१९७६ मध्ये रे कुर्झवाइल यांनी वाचनयंत्र जाहीर केलं आणि हा निवाडा यंत्राकडे गेला. काचेवर पान ठेवायचं. स्कॅनर, कोणत्याही छापाची अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम आणि बोलणारा संगणक मिळून ते वाचून दाखवायचे. यंत्र टेबलभर जागा खायचं. पहिल्या ग्राहकांत गायक स्टीव्ही वंडर होते. तेव्हापासून तत्त्व तेच आहे, आकार मात्र आक्रसत गेला. २००६ मध्ये ते हातात मावलं, नंतर फोनच्या ॲपमध्ये आलं. २०१७ मध्ये आलेलं ऑरकॅम मायआय २ हे उपकरण २२.५ ग्रॅमचं होतं आणि चुंबकाने चष्म्याच्या काडीला चिकटायचं.

या प्रवासात वेग आणि सोय कितीतरी पटींनी वाढली. बदल्यात वाचकाला आता कच्चा माल मिळत नाही, थेट निकाल मिळतो. म्हणून निकाल तपासायची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

फोटो: बहुतेक चुका इथेच

चष्मा नीट वाचत नाही अशी तक्रार असली, की आधी फोटोकडे बघावं. थोडा हिशेब केला तर कारण कळतं.

ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो. अक्षरं खात्रीने ओळखली जावीत म्हणून स्कॅनिंगमध्ये दर इंचाला ३०० ठिपके हा निकष धरतात. अख्ख्या पानाला असे साधारण ८७ लाख ठिपके लागतात. १३ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ४१६० बाय ३१२०, म्हणजे सुमारे एक कोटी तीस लाख ठिपके असतात. हिशेब जमतो, पण पानाने चौकट जवळजवळ भरली असेल तरच. कॅमेऱ्याच्या दृष्टीचा आडवा कोन ६० अंश धरला, तर ३५ सेंटिमीटर अंतरावर त्याला ४० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच एवढंच क्षेत्र दिसतं. उभं धरलेलं ए-४ पान त्यात कसंबसं मावतं आणि दर मिलिमीटरला सुमारे १० ठिपके मिळतात. १२ पॉइंटच्या अक्षराचा मधला भाग दोनेक मिलिमीटर उंच असतो, म्हणजे त्याच्या वाट्याला २० ठिपके येतात. तेवढे पुरतात. तेच पान ७० सेंटिमीटरवर धरलं तर २० चे १० होतात आणि अनुस्वाराचा टिंब दोन-तीन ठिपक्यांपुरता उरतो. पान नाकाजवळ आणलं तर अक्षरं मोठी होतात, पण कडा चौकटीबाहेर जातात.

म्हणून ए-४ पानासाठी ३५ ते ४० सेंटिमीटर अंतर योग्य. ते मोजायला पट्टी नको. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवायची, हात पुढे घ्यायचे, पान दोन बाजूंनी मधोमध धरायचं, वरची कड थोडी पुढे झुकवायची आणि मान किंचित खाली घ्यायची. मोठ्या माणसाचं अंतर साधारण तेवढंच येतं. बोटं मजकुरावर येऊ नयेत म्हणून पान अगदी कडेला चिमटीत धरावं.

कॅमेरा नाकावर नसतो, हे सुरुवातीला विसरायला होतं. तो काडीवर, चेहऱ्याच्या मध्यापासून सहा-सात सेंटिमीटर बाजूला असतो. पान बरोबर नाकासमोर धरलं की चौकटीत ते एका बाजूला सरकतं आणि त्याच बाजूची कड कापली जाऊ शकते. उपकरण उजव्या काडीवर असेल तर पान तेवढंच उजवीकडे न्यावं. जन्मापासून अंध असलेल्या व्यक्तीला आणखी एक सराव लागतो. हातातल्या वस्तूकडे चेहरा वळवायची गरज तिला कधी पडलेली नसते. आवाज नीट ऐकू यावा म्हणून कान पुढे आणि चेहरा बाजूला अशी सवय असते. त्यात कॅमेरा पानाऐवजी भिंतीचा फोटो काढतो. पान नाकाला टेकवायचं, मान न हलवता ते सरळ पुढे न्यायचं आणि मग थोडं कॅमेऱ्याच्या बाजूला सरकवायचं. रोज दहा मिनिटं हा सराव केला की चेहऱ्याला दिशा कळू लागते. चष्मा नाकावरून घसरत असेल तर कॅमेरा हळूहळू खाली बघू लागतो. मागे दोरी किंवा पट्टा लावला की ही अडचण संपते.

कड कापली गेली की ऐकू कसं येतं? डावी कड गेली तर ओळीतला पहिला शब्द अर्धा येतो किंवा येतच नाही, आणि हे प्रत्येक ओळीला होतं. उजवी कड गेली तर ओळींचे शेवट गायब होतात. मराठीत ही जास्त धोक्याची. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी आणि नकार त्याच्याही शेवटी. ‘हे औषध रिकाम्या पोटी घेऊ नये’ ही सूचना ओळीच्या टोकाशी संपत असेल आणि कड कापली गेली, तर ऐकू येतं ‘हे औषध रिकाम्या पोटी घे’, किंवा नुसतं ‘रिकाम्या पोटी’. ऐकणारा तुटलेलं वाक्य मनातल्या मनात पुरं करतो, आणि ते उलटं पुरं होऊ शकतं. सूचनांच्या मजकुरात एखादं वाक्य क्रियापदाविना संपलं, की पुढे न जाता पान कॅमेऱ्यापासून थोडं लांब नेऊन फोटो पुन्हा काढावा.

पान हललं तर बिघाड वेगळा असतो. मंद उजेडात कॅमेरा शटर सेकंदाच्या तिसाव्या भागाइतका वेळ उघडं ठेवतो. तेवढ्यात हात सेकंदाला पाच सेंटिमीटर या वेगाने, म्हणजे अगदी सावकाश सरकला, तरी अक्षर दीड मिलिमीटरहून जास्त पुसलं जातं. वरच्या हिशेबात ते सोळा-सतरा ठिपके झाले, आणि अक्षर आहे वीस ठिपक्यांचं. भरपूर उजेडात शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागात बंद होतं. मग तोच हात दोनच ठिपक्यांचं नुकसान करतो. हात स्थिर ठेवण्याइतकंच, खरं तर त्याहून जास्त, महत्त्व उजेडाला आहे ते यामुळे. अंध व्यक्ती एकटी असेल तर खोलीत दिवा चालू आहे की नाही हे तिला माहीत असेलच असं नाही. उजेड किती आहे ते सूर चढवून-उतरवून सांगणारी सोय काही ॲपमध्ये असते. मायक्रोसॉफ्टच्या सीइंग एआयमध्ये ती आहे. हललेला फोटो ऐकायला अगदी ओळखू येतो: सुटी अक्षरं, तुटके उच्चार, अर्थाचा एकही शब्द नाही, किंवा ‘मजकूर सापडला नाही’.

हेच प्रत्येक पानाला होत असेल, भर उजेडातही, तर कॅमेऱ्याची काच तपासावी. कानशिलाजवळ असल्यामुळे तिला घाम, तेल आणि बोटांचे ठसे लागतात. चष्म्याच्या मऊ फडक्याने दिवसातून एकदा पुसण्याची सवय असावी, कारण ठसा दिसणार नाही आणि हाताला लागणारही नाही.

गुळगुळीत कागदावर दिव्याची तिरीप पडते आणि तेवढा भाग पांढराफटक होतो. मग लागोपाठच्या चार-पाच ओळींत मधलाच तुकडा गळतो; ओळींची सुरुवात नीट, शेवट नीट, मध्ये खड्डा. दिवा डोक्याच्या मागे असेल तर तिरीप आणि डोक्याची सावली दोन्ही त्रास देतात. दिवा बाजूला घ्यावा आणि पान थोडं कलवावं. प्लास्टिकच्या फोल्डरमधला कागद बाहेर काढूनच वाचावा. कागद पातळ असेल तर मागच्या बाजूची छपाई पुढे दिसते आणि शब्दांमध्ये भलतीच अक्षरं घुसतात. मागे काळा कागद धरला की ती दिसेनाशी होते. पान टेबलावर ठेवून वाचायचं असेल तर खाली गडद चटई घालावी, म्हणजे पांढऱ्या कागदाची कड प्रोग्रॅमला सापडते.

पान सरळ करणं आणि क्रम लावणं

फोटो मिळाल्यावर प्रोग्रॅम तो काळा-पांढरा करतो, तिरपा असेल तर फिरवतो. पान उलटं धरलं असलं तरी बहुतेक नवी उपकरणं ते ओळखून फिरवून घेतात. कोऱ्या बाजूचा फोटो काढला तर अर्थातच काही मिळत नाही. तेव्हा ‘मजकूर नाही’ ऐकू आलं की आधी पान पालटून पाहावं. जाड पुस्तकाचं पान शिवणीकडे वळतं, तिथल्या ओळी वाकतात आणि ओळीच्या त्या टोकाचेच शब्द बिघडतात किंवा खालच्या ओळीत मिसळतात. पुस्तक तळहाताने दाबून सपाट करणं हाच उपाय, आणि दोन पानं एकदम वाचण्याचा मोह टाळणं.

खरी कसोटी क्रमाची आहे. वर्तमानपत्रात मजकूर शेजारशेजारच्या रकान्यांत असतो, मध्ये चौकटी, चित्रांखाली ओळी. प्रोग्रॅमला दोन रकान्यांमधली मोकळी पट्टी नीट दिसली नाही तर तो आडवं वाचत सुटतो. त्याची खूण अशी: तीन-चार शब्द एका विषयाचे, पुढचे तीन-चार दुसऱ्याच विषयाचे, मग पुन्हा पहिल्याचे. प्रत्येक शब्द शुद्ध, वाक्य मात्र निरर्थक. इथे पुन्हा फोटो काढून फारसा फरक पडत नाही, कारण फोटोत चूक नाहीच. पान रकान्याच्या रेषेवर घडी घालावं किंवा शेजारच्या भागावर कोरा कागद ठेवावा, आणि एकेक रकाना वाचावा.

तक्त्यांचं दुखणं याच्या उलट आहे. बिलात किंवा तपासणीच्या रिपोर्टमध्ये नाव डावीकडे आणि आकडा उजवीकडे असतो. प्रोग्रॅम त्यांना दोन वेगळे रकाने समजला तर आधी सगळी नावं आणि मग सगळे आकडे वाचतो. ऐकणाऱ्याने बोटांवर मोजून जोड्या लावायच्या. मध्ये एखादी जागा रिकामी असली की पुढच्या सगळ्या जोड्या चुकतात. अशा वेळी एकेक आडवी ओळ उघडी ठेवून वाचावी. वेळ लागतो, पण रिपोर्टमध्ये जोडी चुकणं परवडणारं नाही. पाठवणाऱ्याकडून तोच तक्ता फाईलच्या रूपात मिळत असेल तर तो स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने, वाचणं केव्हाही चांगलं.

अक्षर ओळखणं, आणि देवनागरीची खास अडचण

पूर्वीचे प्रोग्रॅम ओळीतली अक्षरं एकेक कापून, साच्याशी ताडून पाहत. रोमन लिपीत छापील अक्षरं सुटी असतात, तिथे हे जमायचं. देवनागरीत अक्षरं शिरोरेखेला दोरीवरच्या कपड्यांसारखी लटकलेली असतात. वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. कापायचं कुठे हाच प्रश्न. शिरोरेखा खोडून अक्षरं सुटी करण्याचे प्रयोग झाले, पण रेषा खोडताना मात्रांचं नुकसान व्हायचं.

आजचे प्रोग्रॅम ओळ कापत नाहीत. ते अख्खी ओळ डावीकडून उजवीकडे पाहत जातात आणि मागच्या-पुढच्या आकारांचा अंदाज घेत अक्षरांची मालिका काढतात. टेसरॅक्ट हा मुक्त वापराचा प्रोग्रॅम १९८०च्या दशकात एचपी कंपनीत सुरू झाला आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. २०१८ मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीत ही पद्धत आली. त्यात मराठीसाठी वेगळी भाषा-फाईल आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. नुसती ‘देवनागरी येते’ म्हणणारी उपकरणं अनेकदा हिंदीवर शिकलेली असतात, आणि मग मराठी वळणाचे ल आणि श, आपला ळ आणि ‘दुसऱ्या’मधला अर्धा र इथे ती अडखळतात.

सारख्या दिसणाऱ्या जोड्या लक्षात ठेवाव्यात: घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, प आणि ष, ख आणि रव. ‘घर’चं ‘धर’ होतं, ‘भाग’चा ‘माग’ होतो. दोन्ही शब्द भाषेत आहेत, त्यामुळे प्रोग्रॅमला शब्दसूची असूनही चूक कळत नाही. या टप्प्यावरची चूक ऐकायला अशीच असते: बाकी वाक्य सुरळीत आणि मध्ये एकच शब्द खटकणारा. तो शब्द अक्षराअक्षराने ऐकावा. एक अक्षर बदललं की बहुधा मूळ शब्द सापडतो.

आकड्यांना ही सोय नाही, कारण आकड्याला संदर्भ नसतो. ‘२.५ मिलिलिटर’मधला बिंदू फोटोत हरवला तर ‘२५ मिलिलिटर’ ऐकू येतं आणि खटकत नाही. रक्कम, तारीख, फोन नंबर, औषधाची मात्रा या चार गोष्टी पान हलवून, दुसऱ्या कोनातून, निदान दोनदा वाचाव्यात. दोन्ही वेळा तोच आकडा आला तर भरवसा ठेवायला जागा आहे. वेगळा आला तर तिसऱ्यांदा वाचून बहुमत घेऊ नये, माणसाला विचारावं.

आवाज

इथल्या चुका त्रासदायक असतात, धोकादायक कमी. च, ज, झ यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत आणि लिहिताना ते वेगळे दाखवत नाहीत. त्यामुळे ‘चमचा’ किंवा ‘जरा’ परक्या उच्चाराने येतात. ‘क्र.’, ‘ता.’, ‘रु.’ ही संक्षेपं जशीच्या तशी वाचली जातात. मजकुरात इंग्रजी शब्द आला आणि आवाज बदलला नाही, तर तो शब्द गिळला जातो किंवा अक्षरं सुटी वाचली जातात. एखाद्या पानावरचे फक्त इंग्रजी शब्द किंवा फक्त देवनागरी आकडे गायब असतील तर फोटो पुन्हा काढू नका, आवाजाची भाषा तपासा.

कान बंद करणारे इअरफोन टाळावेत. रस्ता, पावलं, हाक यासाठी अंध व्यक्तीला कान मोकळे लागतात. काडीवरचा स्पीकर किंवा कानशिलाच्या हाडातून आवाज पोहोचवणारा हेडफोन बरा. सरावलेले ऐकणारे मिनिटाला ३०० शब्दांच्या वेगाने सहज ऐकतात, पण नवं उपकरण आलं की पहिले काही आठवडे वेग कमी ठेवावा. चुकीचा आवाज ओळखायला कान आधी त्या उपकरणाला सरावला पाहिजे.

चित्र पाहून बोलणारी नवी बुद्धिमत्ता

२०२३ पासून एक मोठा बदल झाला. बी माय आइज या ॲपने जीपीटी-४ या कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी सोय आणली, आणि पानाचा फोटो दाखवून ‘यात शेवटची तारीख कोणती’, ‘एकूण रक्कम किती’ असं विचारता येऊ लागलं. आता तशी सोय कॅमेरा असलेल्या साध्या दिसणाऱ्या चष्म्यांतही आली आहे. विस्कटलेले तक्ते, सजावटी अक्षरं, काही प्रमाणात हस्ताक्षरसुद्धा यांना जमतं. सात पानांच्या पत्रातून हवी ती एक ओळ मिळणं हा अंध वाचकासाठी मोठाच दिलासा आहे.

पण त्यांच्या चुकीचा स्वभाव वेगळा आहे आणि वर सांगितलेली कानाची परीक्षा इथे लागू पडत नाही. जुना प्रोग्रॅम अस्पष्ट फोटोवर बरळतो आणि आपण सावध होतो. नवी बुद्धिमत्ता अस्पष्ट जागा शोभेल अशा शब्दांनी भरते. वाक्य पुरं येतं, व्याकरण बरोबर, आकडा विश्वास बसेल असा, आणि तो पानावर नसतोच. कापलेल्या कडेमुळे हरवलेलं ‘नये’ ती ‘नये’ म्हणूनच भरेल याची खात्री नाही. म्हणून सवय अशी असावी: आधी साध्या वाचनाच्या सोयीने पान जसंच्या तसं ऐकायचं, फोटो पूर्ण आणि स्पष्ट आहे याची खात्री करायची आणि मगच प्रश्न विचारायचे. उत्तर मिळालं की ‘ते वाक्य शब्दशः वाच’ म्हणायचं आणि पहिल्या वाचनाशी ताडून पाहायचं.

गोळ्यांचं पाकीट

औषधाची चकचकीत पट्टी ही या उपकरणांची सगळ्यांत कठीण परीक्षा आहे, आणि चुकीची किंमतही इथेच सगळ्यांत मोठी. पृष्ठभाग आरशासारखा, मजकूर सहा-सात पॉइंटचा, गोळ्यांच्या फुगवट्यांवरून वाकडा गेलेला. एक्सपायरीची तारीख तर अनेकदा शाई न वापरता नुसती दाबून उठवलेली असते. कॅमेऱ्याला रंगातला फरक लागतो. तिथे फरकच नाही, फक्त उठाव आहे. शिवाय पट्टीतून गोळ्या काढता काढता नाव किंवा तारीख असलेला तुकडाच आधी फाटून जातो.

पट्टीऐवजी खोकं वाचावं, ते सपाट आणि कमी चकचकीत असतं. काही खोक्यांवर नाव ब्रेलमध्येही उठवलेलं असतं. आधी बोटांनी शोधून पाहावं. औषध घरात येतं त्याच दिवशी, देणारी व्यक्ती समोर असताना, नाव आणि तारीख विचारून प्रत्येक पट्टीला स्वतःची खूण करावी: ब्रेलची चिकटपट्टी, एक किंवा दोन रबर, कापलेला कोपरा. रोज गोळी घेताना त्या खुणेवर भरवसा ठेवावा. चष्म्याचं वाचन हे खुणेला दुजोरा म्हणून ठीक आहे.

चष्मा की फोन

अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम दोन्हीकडे जवळपास सारखाच असतो, आणि चांगल्या फोनचा कॅमेरा अनेकदा चष्म्यातल्या चिमुकल्या कॅमेऱ्याहून सरस असतो. चष्म्याचा खरा फायदा एकच, पण तो मोठा आहे: हात मोकळे राहतात. एका हातात पांढरी काठी, दुसऱ्या हातात कागद, किंवा उभ्याने कपाटातल्या डब्यांची लेबलं वाचायची असतील तर फोन तिसऱ्या हातात कसा धरणार? पत्रं, लेबलं, पाट्या, मेन्यू यांसाठी चष्मा उत्तम. तीनशे पानांचं पुस्तक वाचायचं तर फोन स्टँडवर ठेवून किंवा साध्या स्कॅनरने काम कमी चुकांत आणि मान न अवघडता होतं. त्याआधी पुस्तक ध्वनिरूपात, ब्रेलमध्ये किंवा सुगम ई-पुस्तक म्हणून उपलब्ध आहे का ते शोधावं. २०१३ चा मराकेश करार अशा प्रती बनवायला आणि देशांच्या सीमा ओलांडून द्यायला परवानगी देतो. आणि नाव कसं लिहितात, स्वल्पविराम कुठे आहे, हे बोटांखाली ब्रेल असल्याशिवाय नीट कळत नाही. शिकणाऱ्या मुलांसाठी चष्मा ब्रेलची जागा घेऊ शकत नाही.

उपकरण घेण्याआधी स्वतःची पाच पानं सोबत न्यावीत: मराठी पुस्तकाचं एक पान, वर्तमानपत्राचा अर्धा ताव, आकड्यांचा तक्ता असलेलं बिल, मराठी-इंग्रजी मिसळलेलं पत्र आणि औषधाचं खोकं. दुकानात दाखवायला ठेवलेला कागद मोठ्या, ठळक इंग्रजी अक्षरांचा असतो. त्यावरून काही कळत नाही. पाचही पानं आपल्याच हातात धरून, आपणच फोटो काढून वाचावीत. मग इंटरनेट बंद करून हीच पानं पुन्हा वाचायला सांगावीत. जे वाचन बंद पडतं ते दूरच्या सर्व्हरवर होत असतं, म्हणजे बँकेचं पत्र आणि डॉक्टरांचा रिपोर्ट यांचे फोटो तिथे जाणार, आणि नेटवर्क नसलेल्या जागी चष्मा मुका होणार. बॅटरीही सलग वाचून तपासावी. काडीवर मावणारी बॅटरी सलग वाचनात बहुधा दीड-दोन तासच टिकते. पॉवर बँक जोडून वाचन चालू राहतं का हे विचारावं.

ती पाच पानं नंतर जपून ठेवावीत, प्रत्येकाच्या मागे ब्रेलमध्ये किंवा कोपरा कापून खूण करून, आणि आत नेमकं काय छापलंय ते डोळस माणसाकडून एकदा रेकॉर्ड करून घ्यावं. उपकरणाचा प्रोग्रॅम अपडेट झाला की हीच पानं पुन्हा वाचून रेकॉर्डिंगशी ताडून पाहावीत. अपडेटमध्ये बहुतेक वेळा सुधारणा होते, पण कधी इंग्रजी सुधारताना मराठी बिघडतं, आणि ते दहा मिनिटांत कळतं.